वाळवणाची वही

प्राध्यापक बाई ओक्लाहोमाहून आल्या,
मआमीरच्या आमच्या खोलीत पंख्याखाली बसल्या,
कागदांची पेटी मांडीवर,
आणि थेटच विचारलं :
कंपनीच्या दिवसांत हवा कशी होती?

पारुलेकरांची प्रज्ञा मध्ये बसून
दोन्हीकडचं ओतत होती.
हवा म्हणजे वातावरण, की हवाच? मी म्हटलं.
बाई हसल्या. हवाच, म्हणाल्या.

पेटीतून निघाले कंपनीचे वार्षिक अहवाल.
गुळगुळीत कागद. साहेबांची वसाहत,
हिरवळीवर फवारा, गुलाबांना नंबर दिलेले.
एवढं पाणी कुठलं, बाई विचारत होत्या.
मला ठाऊक होतं कुठलं.
उम्म जाफरच्या खजुरांखाली झरा होता.
आधी तो उसळायचा,
मग नुसता वाहायचा,
मग दगड ओले राहायचे,
मग पोरांनी त्यात मोडक्या सायकली टाकल्या.

दुसऱ्या कागदावर तक्ता होता.
सन चौऱ्याहत्तर. जानेवारी, वारा : सामान्य.
त्याखाली अकरा वेळा
फक्त दोन-दोन टिंबं.

तेव्हा मी उठले.
लोखंडी कपाट, मसाल्याच्या डब्याखालची वही.
हळदीने कडा पिवळ्या.
बाई, मी इतिहास नाही लिहिला.
पापड मोजलेत.

*१४ मार्च. उडदाचे दोनशे. कौस सुटला.
दोनला काढले. तीनला उशीर झाला असता.*

*२ एप्रिल. कुरडया गेल्या. सगळ्या.
बोट फिरवलं तर काळं.*

*९ एप्रिल. शमाल. छान कोरडा. दुपटीही घातली.*

*२१ मे. ज्वाळा रात्रभर मोठी.
बाळाला रात्र कळेना. सांडगे उद्या नकोत.*

अशी तेवीस वर्षं.

हे टाकीवर चढून तेलाची खोली मोजायचे,
फूट, इंच, इंचाचा आठवा भाग.
फितीचा वास जेवतानाही बोटांना.
ते आकडे न्यूयॉर्कला जायचे.
माझे मसाल्याच्या डब्याखाली.

तक्रार केली होती का, बाईंनी विचारलं.
केली की. ह्यांनी साहेबांना सांगितलं.
साहेब भला माणूस. म्हणाला,
मोंडकर, वारा काही आमच्या मालकीचा नाही.
आणि बायकोसाठी शंभर पापड मागवले.
पैसे दिले, हेही लिहा.

आणि लिहा की त्या ज्वाळेवरच
देवगडच्या घरावर कौलं चढली,
दोन नणंदा उजवल्या.
खोकला झाला तोही तिच्यावरच.
ह्यांचा खोकला कुठल्या तक्त्यात बसवणार, मला माहीत नाही,
मी तो वहीत लिहिला नव्हता.
वही वाळवणाची होती.

प्रज्ञा थांबली. बाईही.
पंखा तेवढा चालू.

मग त्यांनी फोनने पान न् पान टिपलं,
हळू, जसं ओला पापड कापडावरून सोडवावा तसं.
त्यांच्या बापानेही तिकडे विहिरींवर काम केलेलं,
जाताना दारात सांगितलं,
चपला घालता घालता, सहज.

पुस्तक दोन वर्षांनी आलं. जाडजूड.
भांडवल, ऊर्जा, अमेरिका, प्रज्ञाने पाठीवरचं वाचलं.
माझं नाव एकशेबाराव्या पानाच्या तळाशी,
मुंगीएवढ्या अक्षरांत :
हेमलता मोंडकर, घरगुती नोंदी.
वर त्यांचं वाक्य, की कंपनीच्या तक्त्यात
जे टिंब आहे, ते इथे काळं बोट आहे.
चांगलं लिहिलंय.
कुरडईला मात्र तिकडचा कसलासा शब्द घातलाय,
शेवयांच्या जातीचा. असो.

फक्त दोन एप्रिलच्या जागी नऊ छापलंय.
नऊला शमाल होता.
नऊला दिवस छान होता,
दुपटी पांढरी वाळली होती.

प्रज्ञाला म्हटलं, बाईंना कळव.
एवढं दुरुस्त व्हायला हवं.